लागोसच्या कढईतला पास्ता

पास्ता म्हटले की इटली आठवते. फार तर मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत पांढऱ्या किंवा लाल सॉसमध्ये बुडवून, वर किसलेले चीज पसरून मिळणारी बशी डोळ्यांसमोर येते. पश्चिम आफ्रिकेचे नाव या संदर्भात सहसा कोणी घेत नाही. वस्तुस्थिती अशी की, नायजेरियातील लागोस, घानातील अक्रा किंवा सेनेगलमधील डाकार या शहरांत स्पॅगेटी हे आज घरोघरी शिजणारे अन्न आहे आणि तिची तेथील वाट इटलीहून अगदी वेगळी आहे. लागोसमध्ये उकडलेली स्पॅगेटी तापलेल्या तेलात कांदा, ढोबळी मिरची, गाजर, फरसबी आणि कोंबडीच्या किंवा अन्य मांसाच्या तुकड्यांबरोबर परततात. तीत करी पावडर, वाळवलेला थाइम आणि नाकातून पाणी काढणारी मिरची पडते. हौशी स्वयंपाकी वरून 'याजी' नावाचा शेंगदाण्याचा मसाला भुरभुरतात. चीजचा या कढईशी काडीचाही संबंध नसतो.

युरोप-अमेरिकेतील पाकपुस्तके अशा पदार्थाला 'फ्यूजन' म्हणून मोकळी होतात. दोन संस्कृतींची गाठ कोणा आचाऱ्याने गंमत म्हणून घातली, असा त्या शब्दाचा ध्वनी. लागोसच्या गृहिणीला मात्र ही गंमत वाटत नाही. झटपट होणारे, मुलांना आवडणारे आणि पोट भरणारे रात्रीचे जेवण म्हणून ती हा पदार्थ करते. या कढईत एकत्र येणाऱ्या जिनसांचा इतिहास पाहिला, तर त्यात वसाहतवाद आहे, आयातबंदी आहे, उजाड झालेली शेती आहे आणि चलनाच्या घसरणीने रिकामी होत गेलेली पिशवीही आहे. तेव्हा हा पदार्थ कसा करावा हे सांगताना तो तसा का झाला, हेही सांगणे भाग आहे.

ताल्या आणि गहू

उत्तर नायजेरियातील हौसा भाषेत स्पॅगेटीला 'ताल्या' म्हणतात. हा शब्द केवळ पुडक्यातल्या पास्त्यासाठी नाही. पिठाचा गोळा हाताने फिरवायच्या यंत्रातून काढून उन्हात वाळवलेली घरगुती ताल्याही तेथे होते. मराठी वाचकाला यावर अधिक काही सांगण्याची गरज नाही. उन्हाळ्यात गच्चीवर शेवया वाळत घातलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ते दृश्य ओळखीचे वाटेल. घानात चवळी आणि तांदूळ एकत्र शिजवून केलेला 'वाचे' हा न्याहारीचा लोकप्रिय पदार्थ आहे. त्याच्याबरोबर अंडे, तिखट आणि ताल्या असा थाट असतो. भाताच्या जोडीला पास्ता, ही कल्पना इटालियन माणसाला भोवळ आणील. पण अक्राच्या रस्त्यावर त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

अडचण गव्हाची आहे. नायजेरियाचे हवामान गव्हाला मानवत नाही. उत्तरेकडे थंड, कोरड्या महिन्यांत पाटाच्या पाण्यावर थोडाफार गहू होतो. बाकीचा जहाजांनी येतो. गरजेचा ९० टक्क्यांहून अधिक गहू हा देश विकत घेतो. खनिज तेलाच्या पैशाने सत्तरच्या दशकात शहरे फुगली, पाव आणि पास्ता यांची सवय लागली आणि ज्वारी-बाजरी, कंद मागे पडले. १९८७ मध्ये तेथील लष्करी सरकारने गव्हाच्या आयातीवर सरसकट बंदी घातली. शेतकऱ्याने देशातच गहू पिकवावा, हा हेतू. पीक काही तेवढे वाढले नाही. तस्करी वाढली, पाव महागला आणि १९९२ मध्ये बंदी उठवावी लागली. जिभेला लागलेली सवय सरकारी हुकमाने सुटत नाही, याचे हे नमुनेदार उदाहरण.

पुढचा फटका चलनाचा होता. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर जगभर गहू महागला. त्यातून सावरण्याआधीच, जून २०२३ मध्ये नायजेरियाने आपल्या नायरा या चलनाचा दर बाजारावर सोडला. तोवर डॉलरला पाचशेच्या आत असलेला नायरा २०२४ च्या आरंभी दीड हजाराच्या घरात गेला. जून २०२४ मध्ये खाद्यपदार्थांच्या महागाईचा वार्षिक दर ४० टक्क्यांच्या वर होता. ज्या देशाचा गहू डॉलरमध्ये येतो, तेथे याचा अर्थ उघड आहे. स्वस्त आणि झटपट म्हणून ज्या स्पॅगेटीने शहरी स्वयंपाकघरात जागा मिळवली, तिचे अर्धा किलोचे पुडके घेतानाही हिशेब करण्याची वेळ आली. 'फ्यूजन' या गोंडस शब्दात ही बाजू बसत नाही.

पेंडीचा मसाला

आता मसाल्याकडे वळू. 'पश्चिम आफ्रिकी मसाले' असे म्हटले की परदेशी पुस्तके दुर्मीळ बियांची यादी देतात. त्या यादीत तथ्य आहे. 'मेलेगेटा' हे आले आणि वेलदोडा यांच्याच कुळातील झुडूप. त्याच्या मिरीसारख्या तिखट, सुवासिक दाण्यांना युरोपात 'स्वर्गाचे दाणे' म्हणत आणि आजच्या लायबेरियाच्या किनाऱ्याला त्यांच्यावरूनच 'ग्रेन कोस्ट' हे नाव पडले होते. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोचला. पुढे मलबारची काळी मिरी समुद्रमार्गे युरोपात जाऊ लागली आणि कालांतराने या दाण्यांचे तेथील महत्त्व ओसरले. सेलिमचे दाणे ही काळपट, लांबट शेंग. नायजेरियातील इग्बो लोक तिला 'उडा' म्हणतात. तिचा धुरकट वास सेनेगलच्या 'तुबा' कॉफीत असतो. परंतु या बिया प्रामुख्याने रस्सा, सूप आणि पेये यांत पडतात. परतलेल्या स्पॅगेटीसाठी त्या मिळाल्या नाहीत, तरी काहीही बिघडत नाही. फारच हौस असेल तर मसाल्याची मोठी वेलची किंचित कुटून घालावी. धुरकटपणा तिच्यातही असतो.

जिच्यावाचून चालणार नाही ती याजी. हौसा लोकांचा 'सुया' हा पदार्थ नायजेरियातील कोणत्याही शहरात संध्याकाळी निखाऱ्यांभोवती भाजला जातो. मांसाचे, बहुधा गोमांसाचे, पातळ काप काडीला टोचायचे, त्यांना तेल आणि याजी चोळायची आणि आचेवर धरायचे. याजीत सुंठ, लाल तिखट, मीठ आणि थोडे लवंग-मिरीसारखे मसाले असतात. पण तिचा पाया म्हणजे कुलीकुली. भाजलेल्या शेंगदाण्यांचे वाटण मळून, पिळून त्यातले तेल काढून घेतात. मागे उरलेल्या पेंडीच्या वळ्या वा कडी वळून त्याच तेलात तळतात, तीच कुलीकुली. ती नुसती खातात, आणि कुटून याजीत घालतात.

इथे सोलापूरची शेंगाचटणी आठवल्याशिवाय राहत नाही. भाजलेले दाणे, तिखट, लसूण, जिरे आणि मीठ उखळात कुटून केलेली ही चटणी आणि याजी यांचे जिन्नस शेजारी-शेजारी ठेवले, तर नाते लपत नाही. शेंगदाणा आणि मिरची ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पोर्तुगीजांची ये-जा सुरू झाल्यावर ती पश्चिम आफ्रिकेत उतरली, आणि मिरची पोर्तुगीजांबरोबरच गोव्याच्या किनाऱ्यालाही लागली. तरीही दोन्ही ठिकाणच्या हातांनी नेमके उलटे काम केले. सोलापुरात दाणे तेल सुटेपर्यंत कुटतात. तेल सुटले नाही तर चटणी फसली, असे मानतात. कानोत तेल काढून घेतल्याशिवाय मसाला होत नाही. हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे, कारण परतलेल्या पास्त्याची सारी गंमत त्यावर अवलंबून आहे. कोरडी याजी स्पॅगेटीच्या प्रत्येक तारेला चिकटते. तेलकट कूट घातले, तर त्याचे गोळे होतात आणि पदार्थ ओशट लागतो.

कानोच्या शेंगदाण्याला स्वतःची मोठी कहाणी आहे. निर्यातीसाठी आलेली हजारो पोती एकावर एक रचून तेथे भुईमुगाचे 'पिरॅमिड' उभे केले जात. त्यांची छायाचित्रे एकेकाळी देशाच्या समृद्धीची खूण होती. या व्यापारातले सर्वांत मोठे नाव अल्हसन दांताता. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा पश्चिम आफ्रिकेतील सर्वांत धनाढ्य व्यक्तींत त्यांची गणना होत होती. सत्तरच्या दशकात दुष्काळ पडला, मावा कीड पसरवत असलेल्या 'रोझेट' रोगाने भुईमुगाची शेते बसवली आणि तेलाच्या पैशापुढे सरकारचे शेतीकडे लक्ष उरले नाही. पिरॅमिड नाहीसे झाले. दांताता यांचे पणतू अलिको डांगोटे यांनी पुढे सिमेंट, साखर, मैदा यांच्याबरोबर पास्त्याचेही कारखाने काढले. एकाच घराण्यात पणजोबांनी देशात पिकलेले दाणे बाहेर पाठवले आणि पणतूने बाहेरून आलेल्या गव्हाची स्पॅगेटी देशात विकली! ती पीठगिरणी कंपनी २०१९ मध्ये ओलाम या उद्योगाकडे गेली. ओलामची सुरुवात १९८९ मध्ये नायजेरियातच, भारतीय वंशाच्या व्यापारी समूहातून झाली होती. त्यांचा पहिला माल म्हणजे भारतात पाठवलेले काजू.

याजीतल्या सुंठीचीही कथा फारशी वेगळी नाही. नायजेरियाचे आले प्रामुख्याने दक्षिण कडुना भागात पिकते आणि वाळवून परदेशी जाते. २०२३ मध्ये तेथे करप्याची साथ आली आणि अनेक शेतकऱ्यांचे उभे पीक गेले. आपल्याकडे साताऱ्याच्या आले उत्पादकांना असा फटका म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागणार नाही.

याजी घरी कशी करावी

चार माणसांसाठी १५० ग्रॅम शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, सोलून पूर्ण गार करावेत. दाणे ताजे हवेत. खवट, कडवट किंवा बुरशीचा डाग असलेले दाणे निवडून फेकून द्यावेत; शेंगदाण्यावरील विशिष्ट बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक द्रव्य तयार करते आणि ते भाजण्याने पुरते नष्ट होत नाही. कुलीकुलीच्या बाबतीत पश्चिम आफ्रिकेतही हीच काळजी आहे. गुरांसाठी मिळणारी पेंड वापरण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

दाणे मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवावेत. सलग फिरवल्यास लोणी होते. भरड कूट स्वच्छ सुती फडक्यात बांधून, वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेले पातेले ठेवून अर्धा-पाऊण तास दाबून ठेवावे. मध्ये एकदा फडके बदलावे. घाण्याइतके तेल अर्थातच निघणार नाही, पण फडके तेलकट झालेले दिसेल. मग कूट हाताने मोकळे करून अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटे कोरडे परतावे. गार झाल्यावर त्यात दोन चहाचे चमचे सुंठपूड, दोन चमचे लाल तिखट, एक चमचा वाळवलेल्या कांद्याची पूड, अर्धा चमचा मिरपूड, दोन लवंगांची पूड आणि एक चमचा मीठ मिसळावे. तिखटासाठी ब्याडगी आणि लवंगी निम्मी-निम्मी घेतली, तर रंग आणि ठसका दोन्ही साधतात. नायजेरियात 'अता रोडो' ही बुटकी, फुगीर मिरची वापरतात. तिला फळासारखा गोडसर वास असतो. तो आपल्या मिरच्यांत नाही, हे मान्य करून पुढे जावे.

कढईत

३०० ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीचे, धाग्यांना आडवे, बोटाएवढे पातळ काप करावेत. त्यांना दोन मोठे चमचे याजी आणि एक मोठा चमचा तेल चोळून अर्धा तास ठेवावे. शाकाहारी मंडळींनी अळिंबी किंवा घट्ट पनीर घ्यावे.

३५० ग्रॅम स्पॅगेटी भरपूर उकळत्या, मिठाच्या पाण्यात टाकावी. पुडक्यावर लिहिलेल्या वेळेच्या दोन मिनिटे आधीच ती उपसावी, कारण उरलेले शिजणे कढईत होणार आहे. स्पॅगेटी बन्सीसारख्या कठीण, रवाळ गव्हाची असावी. मैद्याची स्वस्त स्पॅगेटी परतताना तुटते. निथळलेल्या स्पॅगेटीला चमचाभर तेल लावून ती परातीत मोकळी पसरावी आणि वाफ जाऊ द्यावी. ही पायरी अनेक जण गाळतात आणि मग लगदा झाला म्हणून हळहळतात. ओली स्पॅगेटी तेलात पडली तर परतली जात नाही, पुन्हा वाफवली जाते. उकळलेले अर्धी वाटी पाणी बाजूला ठेवावे.

मोठ्या लोखंडी कढईत दोन चमचे तेल तापवून कोंबडीचे काप दोन घाण्यांत, मध्यम आचेवर परतावेत. आतून गुलाबी राहता कामा नये. आच फार मोठी केली, तर त्यांना लावलेला दाण्याचा कूट कोंबडीच्या आधी करपतो. काप काढून ठेवावेत.

आता मुख्य काम. एक लाल ढोबळी मिरची, अर्धा कांदा आणि दोन-तीन हिरव्या मिरच्या पाणी न घालता भरड वाटाव्यात. कढईत तीन मोठे चमचे तेल घालून उभा चिरलेला एक कांदा परतावा, त्यावर हे वाटण आणि एक मोठा चमचा टोमॅटोची पेस्ट घालावी आणि आठ-दहा मिनिटे चिकाटीने परतत राहावे. कडेने तेल सुटू लागले की थांबावे. मालवणी किंवा कोल्हापुरी वाटण परतणाऱ्या हाताला ही खूण शिकवावी लागत नाही. पश्चिम आफ्रिकी स्वयंपाकाचा हा कणा आहे. इटालियन पद्धतीत टोमॅटोचा ताजेपणा राखतात. लागोसमध्ये त्याचा कच्चेपणा पुरता मारतात.

तेल सुटल्यावर दीड चमचा करी पावडर आणि अर्धा चमचा थाइम. ही करी पावडर म्हणजे भारतीय मसाल्यांच्या आठवणीवर इंग्रजांनी बेतलेले, हळद आणि मेथी पुढे असलेले डब्यातले मिश्रण. साम्राज्याबरोबर ते आफ्रिकेत गेले आणि नायजेरियात थाइमशी त्याची अशी जोडी जमली की, भाताला, कोंबडीला, स्पॅगेटीला दोन्ही एकत्रच पडतात. मराठी घरात करी पावडर नावाची वस्तू नसते, असू नये असेही काही जण म्हणतील. तेव्हा अर्धा चमचा हळद, अर्धा चमचा धणेपूड आणि चिमूट-चिमूट मेथीपूड, जिरेपूड घेतली की काम भागते. थाइम नसेल तर ओवा चुरडून घालावा, पण चिमूटभरच. दोन्हींचा वास मुख्यतः थायमॉल या एकाच द्रव्याचा आहे. ओव्यात तो अधिक उग्र असतो.

चौकोनी वडी

याच टप्प्यावर लागोसची गृहिणी कढईत एक चौकोनी वडी चुरडते. तिचे नाव मॅगी. आपल्याकडे मॅगी म्हणजे दोन मिनिटांच्या शेवया. पश्चिम आफ्रिकेत मॅगी म्हणजे रश्श्याची वडी. स्वित्झर्लंडच्या या कंपनीने १९०८ मध्ये ती बाजारात आणली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सेनेगलपासून नायजेरियापर्यंत क्वचितच एखादे स्वयंपाकघर तिच्यावाचून राहिले. मीठ आणि मोनोसोडियम ग्लुटामेट हे तिचे मुख्य बळ.

तिने ज्याची जागा घेतली, ते म्हणजे 'दावादावा'. योरुबा भाषेत 'इरू', माली आणि बुर्किना फासोत 'सुंबाला', सेनेगलमध्ये 'नेतेतू'. एका मोठ्या रानवृक्षाच्या शेंगांतील बिया तासन्‌तास उकळायच्या, टरफले काढायची, पुन्हा उकळायच्या आणि झाकून दोन-चार दिवस आंबवायच्या. बियांतील प्रथिने फुटून त्यातून ग्लुटामेट तयार होते. म्हणजे वडीत जे कारखान्यातून येते, तेच इथे बियांतून आणि त्याबरोबर प्रथिनेही मिळतात. तयार गोळे काळपट, चिकट असतात. वास इतका उग्र की नवख्याने नाक मुरडावे. सुकटीवर वाढलेल्या कोकणी माणसाला तो समजेल. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले. बायका शहरात आल्या, सरपण महागले, वेळ उरला नाही आणि वडी स्वस्त होती. तिने बाजी मारली, यात आश्चर्य नाही. शहरात शिकलेल्या मुलांना दावादावाचा वास गावंढळ वाटू लागला, हेही त्यामागचे एक कारण. ही झाडे शेताच्या मधोमध आपोआप उगवून राखली जात. फळे धरण्यास त्यांना बरीच वर्षे लागतात आणि नवी झाडे फारशी लावली जात नाहीत. म्हाताऱ्या झाडांबरोबर ते पदार्थज्ञानही विरळ होत चालले आहे. आता काही ठिकाणी याच पद्धतीने सोयाबीनची दावादावा करतात. तिचे नाते थेट मणिपूरच्या हवायजारशी आणि नागालँडच्या अखुनीशी लागते. तीही आंबवलेली सोयाबीनच.

आपल्या कढईत वडी न घालता ही चव आणायची, तर एक सोपा मार्ग आहे. नायजेरियात ज्याला 'क्रेफिश' म्हणतात, ती वाळवलेली बारीक कोळंबी कुटून जवळजवळ प्रत्येक रश्श्यात पडते. आपला सुका जवळा तिची जागा सहज घेतो. तो कोरडा भाजून, पूड करून एक चमचा घालावा. अखुनी मिळाली तर तीही चालेल, मात्र वाटाण्याएवढीच.

शेवटची तीन मिनिटे

आता आच मोठी करावी. गाजराच्या काड्या आणि फरसबी दोन मिनिटे, मग ढोबळी मिरचीचे काप आणि मूठभर कोबी एक मिनिट. भाज्या कुरकुरीत राहिल्या पाहिजेत. त्यावर स्पॅगेटी पसरावी आणि दोन उलथन्यांनी खालून वर उचलत परतावी. कोरडे वाटल्यास राखलेले पाणी दोन-तीन चमचे शिंपडावे, ओतू नये. कोंबडीचे काप घालावेत. सारे कडकडीत तापले की आच बंद करावी आणि मगच दोन मोठे चमचे याजी आणि पातीचा कांदा वरून घालून हलवावे. याजी आचेवर घातली तर दाणा करपून कडू होतो. पाण्यात पडली तर फुगून चिकट होते. बंद कढईच्या उष्णतेत तिचा वास सुटतो आणि ती तारांना धरून बसते. मीठ शेवटी चाखून घ्यावे, कारण याजी आणि जवळा दोन्ही खारट असतात. नायजेरियात लिंबू आवश्यक मानत नाहीत. आपल्या जिभेला पिळावेसे वाटेल, तर अडवणारे कोणी नाही.

सोबत कच्चा कांदा, टोमॅटो आणि कोबी यांचे पातळ काप द्यावेत. सुयाबरोबर ते असतातच, आणि सुया विकणारे सारे काही जुन्या वर्तमानपत्रात बांधून देतात. कालच्या अग्रलेखाचा इतका चविष्ट उपयोग दुसरा नसेल! परंतु छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात, म्हणून आपल्याकडील अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नयेत, असे बजावले आहे. घरी केळीचे पान उत्तम.

पाहुण्यांना वाढण्यापूर्वी शेंगदाण्याची कोणाला ॲलर्जी आहे का, हे विचारून घ्यावे. तार-तार सुटी दिसणाऱ्या या पास्त्यात दाणा आहे, हे पाहून कळत नाही. उरलेली याजी कोरड्या बरणीत घालून फ्रीजमध्ये ठेवल्यास दोन आठवडे चांगली राहते. अंड्याच्या आम्लेटवर, भाजलेल्या रताळ्यावर किंवा पावसाळ्यात लिंबू चोळलेल्या मक्याच्या कणसावर ती घालून पाहावी. तिला खवट वास येऊ लागला, तर मात्र वाचवण्याचा प्रयत्न न करता टाकून द्यावी.